खर्ड्याची पुजलेली मशीन

आमच्या कंपनीत कुणालाही विचारा, कॉम्प्युटर बंद पडला तर काय करायचं, तर उत्तर एकच: कादरभाईंना हाक मारा. प्रिंटर कागद गिळतोय? कादरभाई. पासवर्ड विसरला? कादरभाई. मालकांच्या नातवाने मोबाईल पाण्याच्या बादलीत टाकला? तोही कादरभाईंच्याच टेबलावर वाळत पडलेला. एवढ्या हाका, पण हा बाबा कधी म्हणून कुणावर चिडायचा नाही. माझी त्यांच्याबद्दल तक्रार होती ती हीच. मी त्यांच्या जागी असते तर एकेकाच्या डोक्यात कीबोर्ड घातला असता.

मी ज्ञानेश्वरी. नगरच्या एमआयडीसीत आमची डेअरी आहे, तिथे टँकर सोडायच्या टेबलावर बसते. कुठल्या सेंटरवर किती दूध थंड झालं, कुठला टँकर निघाला, कुठला रस्त्यात चहा पीत उभा आहे, हे सगळं मला स्क्रीनवर बघायचं असतं आणि ड्रायव्हरांवर ओरडायचं असतं. ओरडायचं काम मी मन लावून करते. शेजारच्या टेबलावर कादर शेख. एवढी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ल्यावर माणूस कळतो. नवऱ्याचं सांगता येत नाही, पण कादरभाई मला कळले होते असं मी समजत होते.

सर्जेपुऱ्याकडचे हे लोक. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, मग टेपरेकॉर्डर गेले, तसं दुकानही गेलं. कादरभाई आयटीआय करून कॉम्प्युटर जोडायला शिकले. आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, डेअरीत पहिला कॉम्प्युटर घेतला, तो जोडायला हा पोरगा आला आणि आला तो राहिलाच. आता केस पांढरे झाले, मुलगी अरफा फार्मसीला गेली, बायको जहिराभाभी घरी शिवणाचे क्लास घेतात. भाभींच्या हातची खिमा-मेथी एकदा डब्यात आली होती, त्यावरून माझ्या नवऱ्याला मी आजही बोलून दाखवते.

कादरभाईंची एक रीत होती. कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी ते खिशातलं फडकं काढून तो पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "चल बाबा, ऊठ." बंद पडलेला असो नाहीतर चालू. आणि खंडेनवमीला सकाळी सकाळी माळीवाड्यातून झेंडूची फुलं आणायचे ते तेच. मशीनची पूजा झाडलोटवाल्या झुंबरबाई करायच्या. हळदकुंकू त्या लावणार, हार हे आणून देणार, नारळ आप्पासाहेब फोडणार. कोणी ठरवलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता डोमेनचं सांगते. मला जेवढं समजलं तेवढंच सांगते, जास्त विचारू नका. कंपनीचे जेवढे कॉम्प्युटर, नगरचे असोत, जामखेडचे नाहीतर खर्ड्याचे, ते सगळे एका घरातले. त्या घराचं एक नाव असतं. ते नाव बाहेर कुणाला दिसत नाही, बिलावर नाही, दुधाच्या पिशवीवर नाही. पण सकाळी मशीन सुरू केली की ती मोठ्या मशीनला, सर्व्हरला, त्या नावाने हाक मारते आणि म्हणते, मी घरातलीच आहे, आत घे. सुरुवातीला कादरभाईंनी आप्पासाहेबांना विचारलं होतं, नाव काय टाकू? आप्पासाहेब त्या वेळी बॉयलरवाल्याशी भांडत होते. म्हणाले, टाक काहीतरी. कादरभाईंनी शहराचं नाव टाकलं, अहमदनगर. त्या वेळी दुसरं कोणतं टाकणार?

पुढे शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्यानगर झालं. आम्ही बोलताना नगरच म्हणतो, आधीही म्हणत होतो, तो भाग वेगळा. कंपनीने पाटी बदलली, लेटरहेड बदललं, पिशव्यांवरचा पत्ता बदलला. हे सगळं कादरभाईंनीच स्वतः बसून केलं, एक अक्षर चुकू दिलं नाही. आतल्या डोमेनचा विषयच कुणाच्या डोक्यात नव्हता.

मग एक दिवस काही पाहुणे डेअरी बघायला आले. मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर हे मोठ्ठं लॉगिनचं पान उघडलं. नावाच्या चौकटीच्या वर इंग्रजीत जुनं नाव. त्यातल्या एका हुशाराने फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला, खाली लिहिलं की ह्या डेअरीला अजून खबर मिळालेली दिसत नाही. संध्याकाळपर्यंत तो फोटो फिरून फिरून आमच्याच ग्रुपवर परत आला.

आप्पासाहेबांचा भाचा अंगद आमचा मॅनेजर. पोरगा कामाचा आहे, खोटं कशाला बोलू, पण घाई फार. दुसऱ्या दिवशी त्याने कादरभाईंना आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. मी टँकरचे कागद सहीला घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"कादरभाई, ते आतलं नावही बदलून टाका. दसऱ्याला करू. मुहूर्तही चांगला आहे."

कादरभाई म्हणाले, "साहेब, पाटी बदलणं वेगळं आणि हे वेगळं. हे नाव प्रत्येक मशीनच्या पोटात लिहिलेलं आहे. हजेरीची मशीन, वजनकाटा, प्रिंटर, टँकरचा प्रोग्राम, सगळे त्याच नावाने सर्व्हरला ओळखतात. सर्व्हरवर बदलायला वेळ लागत नाही. पण त्या वेळी प्रत्येक मशीन चालू पाहिजे, प्रत्येकीने नवीन नाव ऐकलं पाहिजे आणि दोनदा बंद-चालू झाली पाहिजे. जी बंद राहील ती बाहेर राहील."

अंगदचा चेहरा कोरा. मग कादरभाई माझ्याकडे वळले. "ताई, लग्नानंतर तुमचं नाव बदललं, तेव्हा काय झालं होतं?"

"काय होणार? रेशनकार्ड झालं, आधार झालं, बँक झाली, आणि पीएफ मेला अजून माहेरच्या नावाने अडकलाय," मी म्हणाले. आप्पासाहेब हसले. कादरभाई म्हणाले, "तसंच आहे. बाहेर दिसतं ते सगळं बदलू. लॉगिनच्या पानावर कंपनीचं चिन्ह लावू, म्हणजे जुनं नाव झाकलं जाईल. आतलं राहू द्या. नाहीच राहू द्यायचं, तर शेजारी नवीन घर बांधतो आणि एकेक मशीन सावकाश तिकडे नेतो. उन्हाळ्यापर्यंत होईल."

"उन्हाळ्यापर्यंत?" अंगद म्हणाला. "बाहेर नवं आणि आत जुनं, असं किती दिवस ठेवायचं? लोकांना काय सांगायचं?"

आप्पासाहेब कागदांवर सही करत होते. म्हणाले, "बघा बाबा, दोघं मिळून ठरवा." ही त्यांची जुनी सवय. पण त्या सहीनंतर त्यांनी मान वर करून कादरभाईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं, ते मला खटकलं.

कॅन्टीनमध्ये दुपारी तेच. भातावर वरण घेता घेता कोणीतरी म्हणालं, "कादरभाई कशाला बदलू देतील? त्यांना जुनंच नाव बरं." आणि दोघंतिघं हसले. वाईट हेतूने हसले असं नाही म्हणणार मी, पण हसले. मी तिथल्या तिथे फैलावर घेतलं. म्हटलं, "अरे, पाटी कुणी बदलली? पिशव्यांची डिझाइन कुणी केली? तुझ्या बापाने?" पण कादरभाई डबा घेऊन माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी म्हटलं, "मनावर घेऊ नका हो, येडे आहेत." ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मी म्हणालो मशीन बिघडली, की लोक मशीनकडे बघायचे. आज मी म्हणालो, तर लोक माझ्याकडे बघतायत." एवढंच बोलले आणि फडक्याने आपलाच कीबोर्ड पुसत बसले. पैसा, बढती, यातलं काही ह्या माणसाने कधी मागितलं नव्हतं. आपण सांगितलेलं लोक सरळ ऐकतात, एवढीच त्याची कमाई होती, आणि तीच आता जाते की राहते असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून अंगदकडे गेले आणि म्हणाले, दसऱ्याला करू.

मी भडकले. "तुम्हाला पटत नाही ना? मग हो का म्हणालात?"

"नाही म्हणायची सोय राहिली नाही, ताई," ते म्हणाले. "आता चांगलं करून दाखवायचं, एवढंच."

आणि केलंही त्यांनी जीव तोडून. नवरात्रात रोज एकेका सेंटरला जाऊन आले. कुठे काय जोडलंय ते बघितलं, कुठे कुठल्या मशीनला काय सांगायचं ते शिकवलं. सगळ्यांना एकच बजावलं, दसऱ्याच्या दिवशी मशीन चालू ठेवा. आता गंमत अशी, की खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसरा होईपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. आमच्या ऑफिसातही मशीन पुजून बंद ठेवायचीच पद्धत. पण नगरला मी होते. मी झुंबरबाईंना सांगितलं, या वर्षी चालू मशीनलाच हळदकुंकू लावा, देवी काही रुसत नाही. झुंबरबाई म्हणाल्या, "मला काय, मी बंदलाबी लावते न चालूलाबी लावते." झालं. जामखेडवालेही तयार झाले.

राहिलं खर्डा. तिथलं सेंटर कानिफनाथ सांभाळतो, त्यालाही सांगितलं होतं, पण पूजा असते त्याच्या आईच्या, बनुबाईंच्या, हाती. ह्या खर्ड्याची रीत मोठी गोड आहे. खंडेनवमीला दूध तपासायची मशीन, तिचा कॉम्प्युटर, सगळं पुजून बंद. दसऱ्याला दूध नुसतं मापाने घ्यायचं, फॅट कालचाच धरायचा. आणि तपासणी नाही म्हणून त्या दिवशी गावात कुणी दुधात पाणी घालत नाही. खरंच घालत नाही. मी एकदा मुद्दाम टँकरचं दूध इथे तपासून पाहिलं होतं, वर्षातलं सगळ्यात चांगलं दूध दसऱ्याचं. बाकीच्या दिवसांचं मला विचारू नका.

दसऱ्याच्या सकाळी ऑफिसात आम्ही मोजकीच माणसं. गाईम्हशींना सण नसतो, त्यामुळे टँकर चालूच होते. कादरभाईंनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण. त्यांनी एकेका सेंटरला फोन लावला. जामखेड चालू. बाकीचीही चालू. मग खर्ड्याला लावला. फोन स्पीकरवरच होता.

"कानिफ, मशीन चालू आहे ना?"

"आज कशी चालू आसंल, भाई? आईनं पुजलीया. हार घातलाय, नारळ ठिवलाय म्होरं."

कादरभाई थांबले. मी टेबलावरून वाकून त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं. राहू दे, राहू दे. उद्या सकाळी मी येतो."

"अहो, सांगा ना त्याला चालू कर म्हणून!" मी ओरडले. "एक बटण तर दाबायचंय."

"सणाचं आहे ताई, राहू दे. एकच मशीन आहे. पहाटे निघतो, दूध यायच्या आत हाताने जोडून देतो." तेवढ्यात गेटवर दोन टँकर एकमेकांना अडवून उभे राहिले आणि मी तिकडे पळाले.

दुपारी नाव बदललं. मशीन बंद झाल्या, चालू झाल्या, परत बंद झाल्या, परत चालू झाल्या, आणि पडद्यावर नवीन नाव आलं. अंगदने पेढे वाटले. कादरभाईंना आपट्याचं पान देऊन मिठीच मारली. कादरभाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला मी पाहिला आणि मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते ऑफिसातून निघणार, तर इथेच घोळ. गेटवरची हजेरीची मशीन कुणाचंच बोट घेईना. पाळीची माणसं गेटबाहेर गोळा झाली. अंगदने गाडीला किक मारलेल्या कादरभाईंना थांबवलं. "आधी इथलं बघा."

"साहेब, खर्ड्याला दूध येईल. मला निघू द्या."

"एका सेंटरसाठी इथली सगळी माणसं बाहेर उभी करू का?"

कादरभाईंनी गाडी स्टँडला लावली. हजेरीची मशीन जुन्याच नावाने हाका मारत होती, ती सुधारायला वेळ गेला. ते निघाले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. नगरहून जामखेड आणि पुढे खर्डा, मोटारसायकलवर किती जीव काढला तरी रस्ता रस्त्याएवढाच राहतो.

तिकडे कानिफनाथने सकाळी हार काढून मशीन सुरू केली, तर ती आत घेईना. त्याने मला फोटो पाठवला. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा की ह्या मशीनचा आणि मुख्य घराचा भरवसा तुटला आहे. मी फोन केला. मागे नुसता कालवा. कानिफ म्हणाला, "ताई, लोक म्हनत्यात आजचा फॅट आजच मोजा. आन् मोजल्याबिगर म्या टाकीत ओतू कसं? काल सण हुता, काल कुनी पानी घालत न्हाई. आज कुनाचं काय हाय, मला काय ठावं?"

खरंच होतं त्याचं. एक कॅन खराब निघाला तर टाकीतलं सगळं दूध जातं. लोक कॅन सावलीला सरकवत राहिले. ऑक्टोबरचं ऊन, जामखेडपलीकडची उघडी माळरानं, सावली ती किती पुरणार?

कादरभाई पोचले, त्यांनी मशीन पुसली, बघता बघता जोडून दिली. पहिला कॅन तपासला, दूध आंबलेलं. दुसरा तसाच. मोजकेच कॅन वाचले. बाकी दूध लोकांनी तिथेच सेंटरच्या मागच्या चरात ओतलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी काही न बोलता रिकामा कॅन सायकलला अडकवून गेलं. कादरभाई चराजवळ उभे होते, असं कानिफने मला सांगितलं. पाणी दिलं तरी घेतलं नाही म्हणे.

नगरला बातमी त्यांच्या आधी पोचली, आणि बातमीला शेपूटही फुटलं. सगळी सेंटरं झाली आणि नेमकं एकच कसं राहिलं? मुद्दामच ठेवलं असणार. नाव बदलायचंच नव्हतं ना त्यांना. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी सांगणाऱ्यालाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आप्पासाहेब, अंगद, कादरभाई. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. अंगदचा आवाज चढलेला नव्हता, उलट जपून बोलत होता, आणि तेच वाईट वाटत होतं.

"कादरभाई, मला फक्त एवढं सांगा. तुम्हाला माहीत होतं मशीन बंद आहे. बंद मशीन बाहेर राहते, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मग चालू का करायला लावली नाही? लोक काय काय बोलतायत..."

"लोक बोलतायत की तू बोलतोयस?" मी मध्येच म्हणाले. "मी शेजारी बसले होते त्या वेळी. खर्ड्याची पूजा झाली होती म्हणून हे गप्प बसले. आणि काल सकाळी गेटवर अडवलं कुणी त्यांना?"

"ज्ञानेश्वरी, थांब," आप्पासाहेब म्हणाले. मग कादरभाईंकडे बघून, "कादर, तिचं राहू दे. तू सांग. का नाही सांगितलंस चालू करायला?"

कादरभाई उभेच होते. म्हणाले, "चूक माझी आहे, आप्पा. दूध माझ्यामुळे गेलं. पण विचारताय म्हणून सांगतो. तुमच्या देवाचा हार काढ आणि मशीन चालू कर, असं मी फोनवर म्हणालो असतो, आणि तेही हे नाव बदलायच्या दिवशी. तर तुमच्यापर्यंत काय आलं असतं? मशीन चालू करायला सांगितली, हे आलं असतं? की कादरने हार काढायला लावला, हे आलं असतं?"

अंगदने तोंड उघडलं. आप्पासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मला वाटलं आता म्हणतील, अरे काहीतरीच काय बोलतोस, तू घरचा माणूस. मोठी माणसं असंच म्हणतात आणि विषय मिटवतात.

आप्पासाहेब म्हणाले, "कादरने हार काढायला लावला, हेच आलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आणि मी ते ऐकून घेतलं असतं."

कादरभाईंनी मान हलवली, कशाला ते कळलं नाही, आणि म्हणाले, "मी खर्ड्याला जाऊन येतो. लोकांपुढे उभं राहायला पाहिजे."

"मी येतो," आप्पासाहेब उठत म्हणाले. "ज्ञानेश्वरी, तू पण चल. कुणाचं किती दूध गेलं, ते घ्यायला लागेल." अंगद गाडीची किल्ली घेऊन आला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसला.

वाटेत जामखेडला चहा घेतला तेवढाच. खर्ड्याला संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती, लोक कॅन घेऊन रांगेत होते. आप्पासाहेब त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, गेलेलं दूध कंपनीच्या माथी, नाव बदलायची घाई आम्ही केली, कादरला दोष देऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं. एकदोघं पुटपुटले, पण रांग पुढे सरकली. मला वाटलं, चला, मिटलं.

तेवढ्यात कानिफनाथच्या घरातून बनुबाई बाहेर आल्या. मागे खर्ड्याचं सेंटर उभं राहत होतं, तेव्हा कादरभाई कितीतरी दिवस ह्यांच्याच ओसरीवर राहिले होते, ह्यांच्याच हातची भाकरी खाऊन. बाई सरळ चालत कादरभाईंपुढे आल्या. आप्पासाहेबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"काय रं कादर, मशीन चालू पायजे हुती म्हनं तुला?"

"होय, मावशी."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही पुजली होती, मावशी. हार घातला होता."

"म्या घातला हुता ना हार? मग म्या काढला आसता. पुन्यांदा घातला आसता. देवाला काय तेवढंच काम हाय व्हय, मशीन चालू हाय का बंद हाय बघायचं?" बाईंचा आवाज चढला. "आरं, लेकरावानी हितं राहिलास, जेवलास. तुला ताप आला तवा ह्या हातानं काढा पाजला. आन् एवढं इचाराया तू मला भ्यालास? मी तुला काय म्हनंन आसं वाटलं तुला? सांग की! काय म्हनले आसते मी?"

केबिनमध्ये एवढं सगळं सरळ बोललेला माणूस, तो त्या बाईपुढे नुसता उभा. बनुबाईंनी त्यांचा दंड धरून हलवला.

"सांग की रं. मलाबी तसलीच समजलास व्हय?"

तेव्हा कादरभाई रडले. रांगेतली माणसं कॅन खाली ठेवून बघत होती, आप्पासाहेब बघत होते, अंगद बघत होता, आणि हा माणूस तोंडावर हात धरून लहान पोरासारखा रडला. "चुकलं, मावशी," एवढंच म्हणत राहिला. बनुबाईंनी पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग आपले, आणि रागातच म्हणाल्या, "चुकलंच तुझं. लई चुकलं."